पापडाच्या दिवशी मी जे बोलले

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. सरकारी दवाखान्यात नर्स होते, तिथे ती खपून गेली. घरात मात्र तिने माझी लाज काढली. कोणाला कळलं नाही म्हणून काय झालं, मला तर ठाऊक आहे!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहायचो. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की माझं स्त्रीबीज उपयोगाचं नाही, दुसऱ्या बाईचं मिळालं तर दिवस राहू शकतील. साक्रीकडे दिलेली माझी धाकटी बहीण लगेच तयार झाली. तिला दोन लेकरं होती. तिने मागितली ती फक्त एक शिलाई मशीन. गावात ब्लाउज शिवले असते तर स्वतःच्या हातात चार पैसे खेळले असते. मी हो म्हणाले, पण आतून चिडले. सख्ख्या बहिणीकडे मोबदला मागते, काय बाई ही! बीज वाढावं म्हणून रोज सुई तिला टोचून घ्यायची होती, मला नाही, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

एप्रिलात ती माझ्याकडे आली. पापड-कुरडयांच्या मदतीला आलीय, असं मी गल्लीत सांगितलं. रोज संध्याकाळी सातला मीच तिला इंजेक्शन द्यायचे. औषध फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे लपवलेलं असायचं. दहा-बारा दिवसांनी बीज काढायला तिला घेऊन मुंबईला जायचं होतं.

मग आमच्या घरच्या पापडांचा दिवस आला. आमच्याकडे पापड लाटायला कोणी मजुरी घेत नाही. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. सात-आठ जणी पोळपाट घेऊन बसल्या होत्या आणि बहीण उडदाचं पीठ कुटत होती. पोट जड झालंय, असं सकाळीच म्हणाली होती, तरी कुटत होती. बोलता बोलता एकीने पेपरातली बातमी काढली, मोठ्या शहरात बाया म्हणे पैसे घेऊन बीज देतात. कोणी शी म्हणालं, कोणी हसलं. शेजारीण म्हणाली, "तू नर्स ना, सांग बरं, हे खरं का?" आणि लगेच, "तुझी बहीण यंदा बरीच राहिली गं."

गप्प बसता आलं असतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"बहीण-भावजयीने फुकट दिलं तर एक वेळ समजू," मी म्हणाले. "पण त्याच्या बदल्यात काही घेतलं, की ती बाई बाजारात बसली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारणीने बहिणीलाही विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, अक्का शिकलेली आहे, ती म्हणते ते बरोबरच असेल. मग पिठाला तेलाचा हात लावून पुन्हा कुटायला लागली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाया गेल्या. मला वाटलं, आता ही पिशवी भरेल, सकाळच्या एसटीने साक्री गाठेल. माझ्या मुलाचं काय, एवढीच मला धास्ती. तिच्या मनाला काय लागलं, हे मी विचारलं नाही. सात वाजले तशी ती आपणहून आतल्या खोलीत आली, कुशीवर वळली आणि लुगडं जरा खाली केलं.

"माले मशीन नको, अक्का," ती म्हणाली. "दे सुई, टाईम व्हयी गया."

मी सुई दिली. तिचे पाय धरायला हवे होते, निदान मशीन घ्यावीच लागेल एवढं तरी म्हणायला हवं होतं. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. आता आपली बहीण त्या पैसे घेणाऱ्या बायांसारखी राहिली नाही, असं वाटलं. त्याच खेपेला मला दिवस राहिले, मुलगी झाली. बारशाला बहीण आली, तेव्हा मी तिला साधी ओटीची साडी दिली आणि तिने ती कपाळाला लावून घेतली.