गिनती पुरी, माणूस कमी

पोहण्यात माझ्यासारखा गनर तोफखान्याच्या आमच्या आख्ख्या बॅटरीत नव्हता. बाकी समद्यांना पोहता येत व्हतं.

मी नामदेव, सिन्नरकडचा. शाळेत गेलो ते फक्त कौलं शाकारायला. सत्तर सालानंतर भरती झालो आन् पोस्टिंग मिळालं देवळालीला, घरापासून एष्टीच्या अंतरावर. सकाळी पीटी, मंग तोफा पुसायच्या, संध्याकाळी फॉल-इन, म्हंजी रांगेत हजेरी. फॉल-इनला मी हमखास उशिरा. एक बूट सापडायचा, दुसरा नाय. मंग माझा जोडीदार पांडू माझ्या नावाला पण "हाजिर" वरडायचा. आम्ही समदेच एकमेकांसाठी असं वरडायचो.

आमचे हवालदार सॅम्युअल. नाशिकचेच, ख्रिस्ती. बाकीच्यांना मी "गनर". ते "नाम्या" म्हणायचे, माझ्या आईगत. एकदा तोफ पुसताना म्हनले, "नाम्या, लोक देवाला हुडकत फिरतात. आमचा देव माणसाला हुडकत येतो. एक जरी कमी दिसला की सोता निघतो, नावानं हाका मारीत."

म्हनलं, "मंग त्याला सांगा, नाम्या लंगरमधी जेवताना सापडंल."

हसले. "तो तिथं बी येईल."

त्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला. बॅटरीला हुकूम आला, सायखेडा. दिवसभर शाळेच्या गच्चीवरून माणसं काढली. शेवटी बोट भरली आन् एक बाई पोरं घेऊन तशीच उभी. मी माझी जागा दिली. शूरबिर काय नाय. बोट हलत व्हती, गच्ची हलत नव्हती. "मी पुढच्या खेपेला येतो," म्हनलं. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाय.

पुढची खेप झालीच नाय. पाणी चढलं, बोटी बंद. काठावर फॉल-इन झालं. पांडूला वाटलं मी चहाला गेलो. सवयीनं वरडला, "हाजिर!" सुभेदारसाहेबांनी वायरलेसवर सांगितलं, "सब जवान वापस. ओव्हर."

पुढचं मला पांडूनं सांगितलं. सॅम्युअलसाहेबांची रीत अशी, की गिनती झाली तरी ओळीतून एकेकाच्या खांद्याला हात लावीत जायचं.

"नाम्या कुठाय?"

"चहाला असंल, साहेब."

ते चहापाशी जाऊन आले.

सुभेदार म्हनले, "गिनती पूरी है, सॅम्युअल."

"गिनती पूरी है साब. नामदेव नहीं है."

इकडं मी गच्चीवरच्या टाकीवर चढून बसलो व्हतो. पाणी गच्चीवर आलेलं. व्हते नव्हते तेवढ्या देवांची नावं घेऊन झाली. अंधारत चाललं व्हतं. आन् हाक आली.

"नाम्या! ए नाम्या!"

सॅम्युअलसाहेब दोघा-तिघांना घेऊन बोट काढून आले व्हते, पण धारेमुळं ती जवळ येईना. ते कमरेला दोर बांधून पोहत आले. हवा भरलेली ट्यूब एकच व्हती. माझ्या गळ्यात घातली, आपला दोर सोडून माझ्या कमरेला बांधला.

"साहेब, तुम्हाला?"

"मला पोहता येतं. तू गप ऱ्हा आन् पाय मार."

बोटीवरच्यांनी दोर ओढला. साहेबांनी मागून माझी कॉलर धरलेली. मी बोटीला हात लावला तव्हाच एक ओंडका वाहत आला. बोटीला धडक बसली. मी वर ओढला गेलो. मागं पाहिलं तर नुसतं पाणी.

तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला गावले.

अजून आंघोळीला बसलो की मानंमागं ती पकड येते. सुटत नाय. कधी कधी मीच म्हणतो, सोडा आता साहेब.

दरसाल नाशिकला त्यांच्या कबरीवर जातो. तिथं साहेबांच्या घरच्या, मार्थावहिनी असतात. एकदा जरा फुशारकीनं म्हनलो, "वहिनी, माझ्यात काय तरी पाहिलं असंल साहेबांनी. नायतर येवढा माणूस माझ्यापायी जीव देतो का?"

वहिनी दगड पुसत व्हत्या. मान वर केली नाय.

"तुझ्यात काय होतं रे पाहण्यासारखं? तिथं शेळी राहिली असती, तरी हे गेले असते."