चार वाजता शेवंतीच्या फोनमध्ये

शेवंती बावीस वर्षं लग्नं जमवते आहे. तिचं ऑफिस नाही, मंडळ नाही, पाटी नाही. कोपरला आमच्या समोरच्या खोलीत राहते, मूळची राजापूरकडची, शाळा चौथीपर्यंत. तिचा एक नेम आहे. ती कुणालाही तोंडावर नाही म्हणत नाही. मुलाकडच्यांना मुलगी आवडली नाही, की ही मुलीच्या घरी जाऊन सांगते, "पत्रिका जुळत नाही हो." खरं कारण वेगळंच आहे हे समोरच्यांना कळतं, पण चहा मानाने प्यायला जातो. खरं कारण शेवंतीच्या पोटात राहतं. लोक तिच्याकडे येतात ते त्यासाठीच.

लिहिण्याचा कंटाळा, म्हणून दार लावून ती सगळं फोनमध्ये बोलून ठेवते. कोणाचं काय दुखणं आहे, पहिलं लग्न का मोडलं, कोणाच्या भावाला दारू लागते. आणि फोनने काही विचारलं, की तिचं बोट सरळ 'अनुमती द्या'वर जातं. मी एकदा हटकलं, तर म्हणाली, "वहिनी, बिचारा विचारतोय. नाही कसं म्हणायचं?"

गेल्या श्रावणात दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या समीक्षाचं खडवलीच्या एका घरात जवळजवळ ठरलं होतं. समीक्षाला बारा वर्षांची असताना फिट यायची. एकदा शाळेच्या जिन्यावर पडून तिचा दात तुटला होता. पुढे औषधांनी ते थांबलं, त्यालाही आता सोळा वर्षं झाली. मुलाला हे आपणच सांगायचं, असं समीक्षाने ठरवलं होतं. तिच्या आईने विश्वासाने शेवंतीच्या कानावर घातलं, बाकी कोणाला माहीत नव्हतं. समीक्षाने सांगायच्या आदल्याच दिवशी खडवलीहून निरोप आला. पत्रिकेचं नाव नाही, काही नाही. सरळ, "जिन्यावरून पडणारी मुलगी आम्हाला नको."

समीक्षाच्या आईने शेवंतीला फोनवर नको नको ते सुनावलं. आठ दिवसांत डोंबिवलीभर झालं, की शेवंतीच्या तोंडाला कुलूप नाही. तिघांनी मुलींची माहिती परत मागितली. शेवंती माझ्या ओट्याशी बसून एवढंच म्हणायची, "वहिनी, मी झोपेत बोलते का हो?"

त्याच आठवड्यात मी दुपारी बाजारातून लवकर परतले. विश्राम, म्हणजे माझा नवरा, पलंगावर लोळत शेंगदाणे खात होता. छातीवर टॅब होता आणि टॅबमधून शेवंतीचा आवाज येत होता. "ही मुलगी मनाने चांगली आहे, पण नवऱ्याने हिला..." तो मन लावून ऐकत होता. मधेच एक साल फुंकरीने उडवलं.

मला ओकारी आली. खरंच आली, मी मोरीकडे धावले.

मग बाहेर येऊन सगळं वदवून घेतलं. तीन महिन्यांपूर्वी शेवंतीने त्याला अक्षरं मोठी करून द्यायला सांगितली होती. हा आमच्या मजल्यावरचा जाणकार. "घरबसल्या दुरुस्त करून देतो" म्हणत त्याने तिच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. फोनने पाच वेळा विचारलं, तिने पाचही वेळा 'अनुमती द्या' दाबलं. पुढे न विचारता आत शिरता यावं म्हणून याने स्वतःचा पासवर्डही लावून ठेवला. तेव्हापासून रोज चार वाजता, चहाच्या आधी, हा तिच्या फोनमध्ये हिंडत होता. मुलींचे फोटो बघत होता, तिचं बोललेलं टॅबवर उचलून ऐकत होता. आणि खडवलीच्या त्या मुलाचा काका याच्याबरोबर सकाळी फिरायला जातो.

"अगं, त्यांच्या भल्यासाठीच सांगितलं," तो म्हणाला. "आणि तू आता बोंबलू नकोस. घरातली गोष्ट बाहेर कशाला न्यायची?"

हे वाक्य त्या तोंडातून! बत्तीस वर्षं मी या माणसाचं ताट वाढलं. त्या दिवसापासून त्याने हात लावलेला पेलासुद्धा मला दोनदा घासावासा वाटतो.

मी त्याला म्हटलं, "बरं." दुसऱ्या दिवशी शेवंतीला घेऊन स्टेशनजवळ ऋतिकाच्या मोबाइलच्या दुकानात गेले. ऋतिकाने सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं, कोणत्या ॲपला स्क्रीन बघायची आणि फोन चालवायची मुभा दिली आहे ते.

"मावशी, हे चिन्ह वर दिसलं ना, की समजायचं कोणीतरी बघतंय. काढून टाकू?"

"आजच्या दिवस राहू दे," मी म्हटलं. "फक्त त्याचा पासवर्ड काढ. आत यायचं तर विचारून येऊ दे."

बाहेर आल्यावर शेवंतीने माझा हात धरला. तिला सगळं कळलं होतं. "वहिनी, भाऊजींचं नाव नका घेऊ. तुमचा संसार आहे. माझं काय, लोक विसरतील."

मला तिचाही राग आला. इतकं कसं पोटात घालते ही बाई?

आम्ही दिव्याला गेलो. समीक्षाच्या आईने दार उघडलं, पण या म्हणाली नाही. समीक्षानेच आत घेतलं. शेवंतीने फोन टीपॉयवर ठेवला आणि मान खाली घालून बसली. खाली टँकर आल्याचा गलका चालू होता. मी घड्याळाकडे बघत होते. चारला तीन मिनिटं कमी असताना वाटलं, आज तो नाही आला तर?

चार वाजून गेले आणि फोन थरथरला. समीक्षाने वाकून मोठ्याने वाचलं, "विश्राम यांना तुमचा फोन बघायचा आणि चालवायचा आहे. अनुमती द्या. नाकारा."

"हे कोण विश्राम?" तिच्या आईने विचारलं.

"असेल कोणी," शेवंती घाईने म्हणाली. "हल्ली काहीही येतं फोनवर."

"माझा नवरा," मी म्हटलं. "तीन महिने तो हिचा फोन चोरून ऐकतोय. खडवलीला त्यानेच सांगितलं. हिने अवाक्षर काढलेलं नाही."

समीक्षाची आई शेवंतीच्या शेजारी येऊन बसली. फोन पुन्हा थरथरला. तिकडे पलंगावर तो वाट बघत असणार, शेंगदाण्यांची वाटी घेऊन.

शेवंतीचं बोट सवयीने 'अनुमती द्या'कडे गेलं आणि तिथेच थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायलाही ती माझी परवानगी मागत होती.

"दाब 'नाकारा'," मी म्हटलं.