दाजींचा बाण आणि पाहुण्यांचा कान

...तर ताईचं कुलूप शेवटी सापडलं कुठे? दाजींच्या बाणाला लटकलेलं! काल इथवर आलो आणि कुणीतरी जेवायला हाक मारली, म्हणून गोष्ट अर्धी राहिली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंदा बाण करण्याचा. ताई घरभर कुलूप शोधत होती, आणि यांनी मागच्या खोलीत दोन खिळ्यांवर काडी आडवी ठेवून तिच्या मधोमध ते टांगलेलं. एक डोळा मिटून काडी किती झुकते ते बघत होते.

“अहो, घर उघडं टाकून मी बाजारात जाऊ?” ताई कडाडली.

“जा की. चोर आला तर त्याला शेगडी फुंकायला बसवतो. नाहीतरी मला दोन हात कमीच पडतात.”

ती मागची खोली म्हणजे दाजींचं राज्य. आढ्याला वाळत घातलेल्या काड्यांच्या मोळ्या, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर पिसं चिकटवायच्या सरसाचं भांडं. त्या सरसाचा वास असा, की नको असलेला माणूस चहाची वाट न बघता उठावा. वाकडी काडी निखाऱ्यावर शेकायची आणि गरम आहे तोवर दाबून सरळ करायची. भिंतीशी पिसांचे दोन डबे, एकात डाव्या पंखाची, दुसऱ्यात उजव्या. एका बाणाला दोन्हींची सरमिसळ झाली की बाण हवेत भांबावतो. “दोन सासवांच्या सुनेसारखा,” असं दाजी म्हणायचे, पण आधी ताई कुठे आहे ते बघून.

आता तुम्ही म्हणाल, काडीला कुलूप कशाला? सांगतो. बाण सरळ जातो ही आपली समजूत. दोरीचा धक्का बसला की तो आधी वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो, माशासारखं अंग वळवतो आणि मग कुठे सरळ होतो. काडी त्या धनुष्याच्या मानानं जास्त ताठ असली की बाण दांड्याला धडकून डावीकडे जातो, जास्त मऊ असली की उजवीकडे. म्हणून ज्याचं धनुष्य, ज्याची ओढ, त्याचाच बाण. आणि काडी किती ताठ ते मोजायला ते कुलूप. दाजी गिऱ्हाइकाला ऐकवायचे, “मोडेन पण वाकणार नाही, हे भाषणात ठीक. बाणाला वाकावंच लागतं, आणि किती वाकायचं ते मी ठरवतो.”

दाजींची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, पिसं बांधायला बसायची. शेजारच्या वस्तीतला एक शिकाऱ्याचा मुलगा पिसं मागायला म्हणून दर चार दिवसांनी उगवायचा. इतकी पिसं त्यानं नेली, की तेवढ्यात एखादं बदक नव्यानं तयार झालं असतं. दोघांचं जमलंय हे भिंतींनाही कळलं होतं. अडलं होतं ते त्याच्या बापापाशी.

हा बाप म्हणजे तालेवार गडी. झुपकेदार मिशा, उभी छाती, आणि तोंडात एकच वाक्य: “धनुष्य खेचावं तर कानापर्यंत!” सगळे त्यांना पाठीमागे ‘कानवाले’ म्हणत. फक्त गंमत अशी, की गेली काही वर्षं त्यांचे बाण नेमानं डावीकडे जात होते. तीन बाणवाले त्यांनी बदलले होते आणि तिघांनाही नालायक ठरवलं होतं.

एक दिवस हे धनुष्य घेऊन दाजींच्या दारात. बसले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “मुलांचं काय ते आमच्या कानावर आलंय. पण पुढल्या आठवड्यात रानडुकराची शिकार आहे. तुमचे बाण लागले तर मुलगा तुमचा. नाही लागले तर, ज्याला धनुष्याशी बाण जुळवता येत नाही त्याच्याशी सोयरीक कसली?”

आत भाचीच्या हातातलं पीस खाली पडलं.

“पाहुणे, मान्य,” दाजी म्हणाले. “फक्त तुमची ओढ बघू द्या. एकच बाण मारा.”

“ओढ काय बघायची? कानापर्यंत! आणि बाण चांगले दणकट हवेत. दातकोरणी नकोत.”

“तरीपण.”

“मारतो. पण मागे कुणी उभं राहिलेलं मला चालत नाही. नेम ढळतो.”

दाजींनी मान डोलावली. आत गेले, एक कोरी काडी घेतली आणि तिच्या शेपटाला दिव्याची काजळी तेलात कालवून चोपडली. मी म्हटलं, “दाजी, हे काय?” तर मला डोळा मारला. कानवाल्यांच्या बोटांवर काळ्या चामड्याची टोपणं, त्यांना काजळी दिसणार कुठून! ते एकटेच घरामागे गेले, पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण सोडला आणि ऐटीत परत आले. पांढराशुभ्र शर्ट, कान धुतल्यासारखा साफ, आणि काळाकुट्ट पट्टा कुठे? छातीवर, बरोबर खिशाच्या वर!

ओढ कानाच्या गावाला गेलीच नव्हती. छातीपाशीच मुक्काम.

मी खोकल्याचं सोंग केलं. दाजींचा चेहरा मात्र दगडाचा. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि बोलून गेली, “अगंबाई! पाहुणे, हात तर कानापर्यंत नेता ना? मग डाग छातीवर कसा?”

खोलीतली हवाच गेली. कानवाल्यांनी शर्टाकडे पाहिलं, मग दाजींकडे. भाची दाराच्या चौकटीला धरून उभी, डोळे एवढे मोठे. आता हे उठले की लग्नही उठलं.

दाजी ताईवरच उखडले, “शेगडीचा कोळसा सगळीकडे उडतो, शंभरदा सांगितलं झाडत जा म्हणून! पाहुण्यांचा शर्ट घालवलास!” ताई बिचारी काय ते समजली. पुढे तीन दिवस तिनं दाजींना आमटीत मीठ घातलं नाही, तो भाग वेगळा. कानवाले धनुष्य ठेवून गेले.

खरी पंचाईत आता होती. ओढ कमी म्हणजे धक्का कमी, म्हणजे बाण मऊ हवा. काडी तासून बारीक केली तर कानवाले म्हणणार, दातकोरणी दिलीत. दणकट ठेवली तर बाण पुन्हा डावीकडे. बरं, चुकार बाणानं जनावर नुसतं जखमी होऊन रानात तडफडत फिरतं, ते दाजींना अजिबात खपत नसे. बसले विडी ओढत. मग एकदम उठले आणि लोहाराकडे गेले.

काय केलं माहिताय? काडी दणकटच ठेवली, पण कापली नाही, लांबच्या लांब राहू दिली. आणि पुढे बसवलं लोखंडाचं चांगलं जाडजूड टोक. टोक जड आणि काडी लांब, की तीच ताठ काडी सुटताना मऊ काडीसारखी वाकते! पिसं न लावता घरामागे स्वतः मारून पाहिलं, कानवाल्यांच्या धनुष्यानं, दोरी छातीपर्यंतच ओढून. पहिला बाण डावीकडे. टोक आणखी जड. दुसरा थोडा डावीकडे. टोक आणखी जड. मग मात्र बाण भाऱ्याच्या पोटात असा सरळ घुसला, की दाजींनी स्वतःचीच पाठ थोपटायचा प्रयत्न केला. हात पुरला नाही, म्हणून मला थोपटायला लावली.

कानवाल्यांनी बाण हातात घेतला आणि खूश! “वा! याला म्हणतात मर्दाचा बाण. केवढा लांब!”

“कानापर्यंत खेचायचं म्हणजे लांब लागणारच,” दाजी म्हणाले. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

शिकारीला मीही होतो. हाकारे झाले, डुक्कर झुडपातून निघालं ते नेमकं कानवाल्यांच्या पुढ्यात. त्यांनी बाण सोडला. मी तर सवयीनं डावीकडेच पाहिलं. पण बाण गेला सरळ बरगडीत आणि जनावर चार पावलांत आडवं झालं. लोकांनी आरोळी ठोकली. तीन बाणवाल्यांची नालायकी पुन्हा एकदा सिद्ध झाली.

संध्याकाळी कानवाले मुलाला घेऊन दाजींकडे आले, सगळ्यांसमोर होकार दिला. मग दाजींना म्हणाले, “जरा मागच्या खोलीत येता?” मी दाराआड होतो. चुकूनच, दुसरं काय!

आत मिशा खाली आल्या होत्या. “तो कोळसा नव्हता,” कानवाले हळू आवाजात म्हणाले. “झाडावरून पडलो तेव्हापासून खांदा वर होत नाही. घरात कुणाला ठाऊक नाही. आता तुम्हाला कळलंय. चार लोकांत बोलणार तर नाही ना?”

दाजींनी डब्यातलं एक पीस उचललं, दिव्याजवळ नेलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि पुन्हा ठेवून दिलं. मग म्हणाले:

“व्याही, मी कुठल्या तोंडानं बोलू? मला पिसाची डावी-उजवी बाजू दिसायची बंद होऊन वर्षं झाली, सगळी पिसं पोरगीच बांधते, आणि तीच तुम्ही घेऊन चाललात. तेव्हा तुम्ही माझे डोळे झाका, मी तुमचा खांदा झाकतो, आणि सुनेला दर महिन्याला चार दिवस माहेरी धाडा. कुणी विचारलंच, तर सांगा, बापाला लेकीची फार आठवण येते. ते काही खोटं नाही.”