झडतीमामा आणि ताईच्या अंगातलं लोखंड

एमआरआयच्या दारावरच्या अटेंडंटला सगळं हॉस्पिटल झडतीमामा म्हणायचं, आणि हे नाव त्यानं कमावलेलंच होतं. आतलं चुंबक लोखंडी खुर्चीसुद्धा खेचून घेईल इतकं तगडं. त्यामुळे बावीस वर्षांत मामानं टाचणीएवढं लोखंड आत जाऊ दिलं नव्हतं. खुद्द मोठ्या डॉक्टरांच्या खिशातली कात्री त्यानं दारातच काढून घेतली होती, वर "साहेब, विसरभोळेपणा घरी ठेवून येत जा," असं सुनावलंही होतं.

एका सकाळी त्याच दारात व्हीलचेअरवर त्याची ताई आली. आईमागे ह्याला लहानाचं मोठं केलं ते तिनंच. तिच्या ओटीपोटात कॅन्सरची गाठ होती. कॅन्सर आजूबाजूच्या बारीक ग्रंथींत दूरवर पसरला असेल तर ऑपरेशन करण्यात अर्थ नव्हता. नसेल तर ताई वाचण्यासारखी होती. दोन दिवस मामाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

तिचा कागद वाचता वाचता तो ताडकन उठला. "काल सलाईनमधून लोखंड दिलंय?" त्यानं व्हीलचेअर घट्ट धरली. "मी नाही सोडणार आत. पोटाची चाळण होईल तिच्या!"

"हात सोड की रे," ताई म्हणाली. "जन्मभर लोकांचे खिसे तपासलेस, आता माझं रक्त तपासणार का?"

तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई दारात आल्या होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. "मामा, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक कण आहेत ते, वर साखरेसारखा लेप. चुंबक त्यांना ओढून नेत नाही. निरोगी ग्रंथी ते गिळते आणि फोटोत काळी दिसते. कॅन्सर शिरलेली गिळू शकत नाही, ती पांढरीच राहते. काम झालं की शरीर त्याच लोखंडाचं रक्त करतं."

"रक्त?" मामानं विचारलं. व्हीलचेअरवरचा हात कधी सुटला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

मग काचेमागच्या पडद्यावर ताईचं पोट उमटू लागलं. पहिली ग्रंथी काळी. दुसरीही काळी, शाईचा थेंब पडावा तशी. जन्मभर लोखंडाला हाकलणारा हा माणूस आता मनातल्या मनात त्याची विनवणी करत होता, जा बाबा, आत जा. एकामागून एक अकरा ग्रंथी काळ्या निघाल्या. बारावी पांढरी होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मामानं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"ही एकच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीही गाठीला लागून. सोबत काढता येईल. एरवी ही आपल्याला दिसलीच नसती."

मामा त्या ठिपक्याकडे बघतच राहिला. डोळ्यांना न दिसणारं लोखंड रात्रभर ताईच्या अंगात दारोदार फिरलं होतं, आणि चोर नेमका कुठे बसलाय ते सांगून मोकळं झालं होतं. बावीस वर्षं ह्या दारावर बसून एवढं मोठं काही त्यानं पाहिलं नव्हतं.

त्यानं ताईला बाहेर आणलं. ती त्याच्या तोंडाकडे बघून घाबरली. "काय झालं? रडतोस काय असा?"

"ऑपरेशन होणार आहे, ताई," तो म्हणाला. "होणार आहे!"