साडेसत्तावीसचं चाक

मी चौथी शिकलेला माणूस, पण माप मला कळतं. भोसरीत एकतीस वर्षं लेथवर उभा होतो. सुताचा फरक बोट फिरवून सांगायचो. म्हणून सायकलच्या दुकानात माझं डोकं चालेना, याचा राग जास्त आला.

सायकल नातीसाठी होती. ती पुनावळ्यात, माझ्या लेकीकडं राहते. मी दिघीत, एकटा. आठवीत गेलीस की डोंगरावर चढणारी सायकल घेऊन देईन, असं बायकोनं तिला कबूल केलं होतं. बायको होळीनंतर गेली. नात जूनमध्ये आठवीत गेली. पोरगी तोंडानं काही बोलली नाही. पण शब्द देणारी राहिली नाही म्हटल्यावर तो माझ्यावरच आला.

अडचण अशी की एक साडी सोडली तर घरातली एक वस्तू मी कधी निवडली नाही. माझी चप्पलसुद्धा बायकोच आणायची. पायाला केरसुणीची काडी लावायची, तेवढी मोडायची आणि काडी घेऊन बाजारात. मला न्यायची नाही. म्हणायची, तुम्ही दुकानदाराशी भांडता.

ते खरंच होतं. दुकानदारानं तीन सायकली पुढं लावल्या. सव्वीस, साडेसत्तावीस, एकोणतीस. लहान चाक चटकन वळतं, मोठं दगडावरून सहज जातं, मधलं दोन्ही थोडंथोडं करतं, असं म्हणाला. आमच्या वेळी बावीस इंची आणि चोवीस इंची, संपलं. आणि तेही चाकाचं माप नव्हतं, सांगाड्याचं होतं. आता सांगाड्याचं विचारलं तर तो स्मॉल, मिडियम सांगायला लागला.

मी खिशातली टेप काढली. एकोणतीसच्या चाकाची रिम मोजली. पंचवीसच्या आसपास भरली. साडेसत्तावीसची साडेतेवीसला टेकेना. मी त्याला टेप दाखवली.

"काका, टायर धरून मोजायचं. हवा भरून."

"म्हणजे हवा गेली की माप गेलं? आमच्या कंपनीत असला जॉब फेकून दिला असता."

तो हसला. भांडला नाही, म्हणून मीच टेप खिशात टाकली. पोरीला घेऊन या, एकदा उभी राहिली की लगेच कळेल, म्हणाला. मी नको म्हटलं. बायको तिला कधी दुकानात नेत नव्हती. वस्तू थेट घरी पोचायची.

घरी येऊन बायकोचा शिवणाचा डबा उघडला. चार महिन्यांत पहिल्यांदा. आत गाठ मारलेला पांढरा दोरा होता. मागच्या दिवाळीला नातीची सलवार शिवली, तेव्हा कमरेपासून घोट्यापर्यंत घेतलेलं माप. मला एकदम हलकं वाटलं. तिनं सांगून ठेवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोरा घेऊन गेलो. जमिनीवर एक टोक पायानं दाबलं, दुसरं वर धरलं. सव्वीसच्या सीटशी गाठ बरोबर जुळली. दुकानदार काहीतरी सांगत होता, मी ऐकलं नाही. सायकल टेम्पोत टाकून पुनावळ्याला नेली.

नात खाली आली, बसली, सोसायटीत दोन चकरा मारल्या. गुडघे हँडलच्या जवळ येत होते. पोरगी बांबूसारखी वाढली होती आणि मी तिच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

"छान आहे, आजोबा," ती म्हणाली.

बायकोही असंच म्हणाली होती. मी एकदाच तिच्यासाठी साडी आणली होती, तेव्हा. ती साडी नंतर कधी अंगावर दिसली नाही.

मी खिशातून दोरा काढला आणि नातीला सरळ उभं राहा म्हटलं. कमरेला एक टोक लावलं. दुसरं घोट्याच्या चार बोटं वरच राहिलं. तिनं विचारलं, हा आजीचा ना. मी मान हलवली. दोऱ्याला दोष देववेना. दिवाळीला तो बरोबरच होता.

"खरं सांग. लहान होते?"

तिनं ब्रेकची तार चाचपली. मग म्हणाली, "थोडी."

रविवारी तिला आणि सायकल दोन्ही घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं काही ऐकवलं नाही, त्याचे उपकार. ती तिन्हींवर बसली. एकोणतीसवर पाय टेकताना तिची टाच उचलली गेली. साडेसत्तावीसवर बसली आणि उतरेचना. मग तीच घेतली. माप न घेता घेतलेली माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू.

परवा ती दिघीपर्यंत सायकलवर आली. चहा पीत होती तेवढ्यात मी खाली जाऊन ते चाक पुन्हा मोजलं. रिमवरून, टायरवरून, आडवं, उभं. सव्वासत्तावीस आलं, एकदा त्याहून कमी. साडेसत्तावीस काही सापडेना.

दोरा डब्यात परत ठेवलाय. गाठ सोडली नाही.