दुसरी किल्ली

आमच्या ह्यांना काळजी करायला कारण लागत नाही. इस्पितळाच्या चार इमारती कॉम्प्युटरच्या केबलने जोडायचं काम मिळालं आणि जेवतानाही तेच सुरू झालं. केबल तुटली तर? म्हणून जोडीला दुसरी टाकली, तरी जिवाला घोर होताच.

आज संध्याकाळी दाराशी आल्यावर कळलं, किल्ल्या मी बाजारातच कुठेतरी पाडल्यात.

"दुसरी किल्ली कुठंय?" ह्यांनी विचारलं.

"त्याच जुडग्यात होती."

"दोन्ही एकाच जुडग्यात? डोकं गहाण ठेवलंयस का?" एवढं बोलले आणि एकदम मटकन पायरीवर बसले.

"आता काय झालं?"

"दोन्ही केबल एकाच चरातून नेल्यात."

"मग उद्या एक काढा."

"चर दुपारीच बुजवला," ते म्हणाले. "वर फरशीही बसवली."