तीस किलोमीटरवरचा ठेका

भूतबित, संकेत, असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते मी, रिपोर्ट दोनदा तपासल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. तरी हे लिहितेय... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आमच्या उस्मानपुऱ्यात ‘आडवळण’ नावाचा बँड आहे. समीरची गिटार, एक बेस, एक हार्मोनियम आणि ड्रमवर माझा मावसभाऊ विष्णू. त्यांचा नियम एकच — गाणं कुठं वळणार ते आधी ठरवायचं नाही. तेच गाणं एकदा सात मिनिटं चालतं, एकदा चाळीस. एका कॉलेजात लाईट गेले तर हार्मोनियम नि ड्रम दोघंच अर्धा तास वाजवत राहिले. ते रेकॉर्डिंग मी आजही पोळ्या लाटताना ऐकते. त्यांचा प्रत्येक शो माझ्या फोनमध्ये आहे. वेडीच आहे मी त्यांची.

गेल्या हिवाळ्यात समीर नि विष्णूचं वाजलं. विष्णू अजिंठ्याहून ये-जा करतो, तालमी चुकायच्या. समीर बोलून गेला की तुझ्या जागी कुणीही चालेल. झालं! विष्णूनं डोक्यात राख घालून घेतली. छावणीतल्या हॉलमधला शो शेवटचा, मग ड्रम विकून वडिलांच्या दुकानात बसणार, असं सांगून मोकळा झाला. मला फार वाईट वाटलं. तो ऐन वेळी येतो की नाही या भीतीनं मीच गाडी घेऊन त्याला आणायला अजिंठ्याला गेले.

शो संध्याकाळी सहाचा. येताना हॉलपासून तीस किलोमीटरवर, फुलंब्रीपाशी ट्रक उलटलेला, रांग हलेना. सव्वासहाला समीरला फोन लावला, उचलला नाही. म्हणजे सुरू केलं होतं त्यांनी.

विष्णू खिडकीबाहेर बघत म्हणाला, “बघ ताई, माझ्यावाचून काय अडलं नाय त्यांचं.”

थोड्या वेळानं तो डॅशबोर्डवर बोटं वाजवायला लागला. सवयीनं मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. काय वाजवलं पोरानं! डॅशबोर्ड, दार, पाण्याची बाटली... मध्येच एकदम थांबला. वाटलं, रडतोय. पण मान तिरकी करून काहीतरी ऐकत असल्यासारखा बसला होता. मग परत सुरू झाला, तो सात मात्रांत. बँडनं सातात कधीच वाजवलेलं नाही, मी सगळे शो ऐकलेत. शेवटी एक थाप दिली नि हात मांडीवर ठेवले.

आम्ही पोचलो तेव्हा हॉल रिकामा होत होता. ड्रमला कुणी हात लावला नव्हता. समीर वायरी गुंडाळत राहिला.

शो माझ्या मैत्रिणीनं रेकॉर्ड केला होता. घरी आल्यावर दोन्ही फोनमधली वेळ जुळवून मी दोन्ही रेकॉर्डिंग एकत्र लावली — का लावली, देव जाणे. विष्णूचा ठेका गिटारखाली चपखल बसला. तो जिथं थांबतो, तिथं समीरची तार तुटते नि सगळेच थांबतात. समीर दुसरी गिटार घेऊन सुरू करतो... सातात. शेवटची थाप नि शेवटचा सूर एकाच क्षणी. मी रडले, लपवू कशाला? मग तपासलं. दोनदा नाही, नऊ वेळा.

रविवारी सकाळी दोघांना घरी बोलावून ते ऐकवलं. मग समीर हळूच म्हणाला, “यार, सातात मी नेलंच नाही. मला मागून ठेका ऐकू येत होता... मी त्याच्या मागं गेलो.”

विष्णू म्हणाला, “मी तर तुझ्या गिटारमागं गेलो.”

ड्रम विकले नाहीत. आता विष्णू पोचल्याशिवाय समीर गिटारला हात लावत नाही.

जाणकार म्हणतात, इतक्या वर्षांची सोबत आहे, अंदाज येतो. असेलही. पण तुटलेली तार फुलंब्रीत कशी कळली? आणि दोघंही मागं होते, तर पुढं कोण होतं? मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.